ओट्याखालचा बंब

आमच्या स्वयंपाकघराची एक भिंत पाडण्याचा निर्णय आमच्या घरी एकमताने झाला. म्हणजे असे, की तो मला एकमताने कळवण्यात आला. भिंत पडली की ओटा हलणार, ओटा हलला की मोरी हलणार, मोरी हलली की नळ हलणार, हे सारे मला समजत होते. माणूस वर्गात समास आणि अलंकार शिकवत असला, तरी ओटा आणि मोरी यांचा संबंध त्याला कळत नाही असे नाही. फक्त एक गोष्ट माझ्यावर सोपवण्यात आली होती : पाणी तापवण्याचे यंत्र. ‘फार जागा खाणार नाही असं काहीतरी बघा’, एवढीच सौभाग्यवतींची सूचना होती. मला वाटले, दुकानात जावे, बोट दाखवावे, आणि पावती घेऊन घरी यावे. वाचकहो, त्या गोष्टीला आता दोन महिने झाले.

रिसोडला थंडी ती काय पडणार, असे पुण्या-मुंबईच्या मंडळींना वाटते. विदर्भ म्हटला की त्यांच्या डोळ्यांसमोर मे महिनाच उभा राहतो. पण पौषात पहाटे आमच्या गच्चीवरच्या टाकीतले पाणी असे काही होते, की पिंगलाक्षी देवीच्या दर्शनाला जायचे म्हणून भल्या पहाटे न्हाणारा भाविकही आधी दोन मिनिटे देवीचा धावा करून मगच तांब्या उचलतो. म्हणूनच आमच्या घरात बंब होता. होता म्हणजे अजूनही आहे. त्याची हकीकत पुढे येईलच.

बंब हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘बोंबा’वरून, म्हणजे पंपावरून, आला असे मानतात. आग विझवणाराही बंबच आणि पोटात आग घेऊन बसणाराही बंबच, ही आपल्या भाषेची गंमत. आमचा बंब तांब्याचा आहे. मधोमध एक नळकांडे, खाली जाळी, जाळीवर कोळसे आणि लाकडाच्या ढलप्या, नळकांड्याभोवती पाणी. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतले की ते आतल्या नळीतून थेट तळाशी जाते आणि वरचे कढत पाणी तोंडातून बाहेर ढकलते. ओताल तेवढेच मिळेल, असा त्याचा रोखठोक व्यवहार. आईने चाळीस वर्षे पहाटे पाचला उठून तो पेटवला. आम्ही उठायचो तेव्हा पाणी तयार असायचे आणि न्हाणीघरात धुराचा तो ओळखीचा वास भरलेला असायचा. ते पाणी आपोआप तापते, अशी माझी लहानपणी जवळजवळ खात्रीच होती.

दुकानदार माझा जुना विद्यार्थी निघाला. रिसोडसारख्या गावात शिक्षकाला हा त्रास फार. ज्याला आपण एकेकाळी अंतर्गत परीक्षेत वीसपैकी सात गुण दिले, तोच पुढे कुठेतरी काउंटरच्या पलीकडे भेटतो. ‘या सर, बसा सर’ म्हणून त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि भिंतीवरच्या एका चपट्या पेटीकडे बोट दाखवून म्हणाला, ‘सर, हा घ्या गॅसचा. नळ सोडला की पेटतो, बंद केला की विझतो. जागा म्हणाल तर भिंतीवर फोटो लावल्यासारखी. लाइट गेली तरी चिंता नाही.’

शेवटचे वाक्य त्याने बरोबर जागी मारले होते. भारनियमनाची ती वर्षे आम्ही विदर्भातली माणसे विसरलेलो नाही. विजेवर विसंबणाऱ्या कोणत्याही वस्तूकडे आम्ही अजूनही बोलाचालीपुरता संबंध ठेवलेल्या नातेवाइकासारखे पाहतो. मी जवळजवळ हो म्हणालोच होतो. हो म्हटले नाही याचे कारण एका घरातली एक सकाळ.

ते घर आमच्या ओळखीचे. थंडीचे दिवस. कॉलेजात जाणारा मुलगा न्हाणीघरात गेला. दार बंद, वारा येतो म्हणून वरची खिडकीही बंद, आणि आत भिंतीवर गॅसचा गिझर. पंधरा मिनिटे झाली, वीस झाली. पाण्याचा आवाज चालूच. घरातल्या कोणाला त्यात काही वाटले नाही. वाटले ते आजीला. ती म्हणाली, ‘पाणी एकाच सुरात पडून राह्यलं. अंगावर घेतलं की आवाज बदलते.’ दार तोडले तेव्हा मुलगा फरशीवर पडलेला होता. तो वाचला. दवाखान्यात तीन दिवस काढून घरी आला, आणि आजीचे ते वाक्य गावभर झाले. मी ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझ्यातला मराठीचा प्राध्यापक क्षणभर गप्प झाला. असे कान आमच्या समीक्षकांना असते तर!

यात गूढ काही नाही. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. म्हणजे बारा-तेरा घनमीटर. तुमच्या-आमच्या न्हाणीघरात सारी मिळून चार-पाच घनमीटर हवा असते. ती पुरेनाशी झाली की ज्योत अर्धपोटी जळते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो वास आपल्याला सावध करण्यासाठी मुद्दाम मिसळलेला असतो. पण जळल्यानंतर तयार झालेल्या या वायूची वर्दी द्यायला कोणीच नसते. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन तर प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक ओढीने त्याला बिलगते. माणसाला गुंगी आल्यासारखे वाटते, बसावेसे वाटते, आणि तो बसतो.

गिझरचा जन्मही अशाच धोक्यात झालेला आहे. 1868 साली लंडनमधल्या बेंजामिन मॉन नावाच्या रंगारी गृहस्थाने गॅसवर पाणी तापवणारे यंत्र काढले आणि त्याला आइसलंडच्या उसळत्या झऱ्याचे नाव दिले. तिथल्या ‘गेसिर’ नावाच्या झऱ्यावरून अशा सगळ्याच झऱ्यांना इंग्रजीत ते नाव पडले होते. मॉनसाहेबांच्या यंत्राला धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती! पुढे 1889 साली नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या एडविन रूड यांनी पाणी आपोआप तापवून साठवणारी टाकी केली. आता इतक्या दूरच्या झऱ्याचे नाव आपण का घेतले कोण जाणे. आपल्या किनवटजवळ उनकेश्वराचे कढत पाण्याचे कुंड आहे. यंत्राला ‘उनकेश्वर’ म्हटले असते तर निदान उच्चारात एकवाक्यता झाली असती. आमच्या गल्लीत सध्या गिझर, गिजर, गीझर आणि गिझल अशी चार रूपे रूढ आहेत.

‘पण सर, आपण तर स्वयंपाकघरात बसवणार,’ विद्यार्थी म्हणाला. ‘तिथं कोण दार लावून बसतंय?’

मुद्दा खरा होता. मी घरी येऊन नव्या स्वयंपाकघराचा नकाशा पाहिला. जुन्या घराला छताजवळ धुराडे होते. चुलीच्या काळातला तो झरोका. तिथून आता धूर जात नसे, चिमण्या येत. मिस्त्री तो बुजवणार होता. खिडकीला सरकत्या काचा येणार होत्या, धूळ येते म्हणून त्या बहुधा बंदच राहणार होत्या, आणि शेगडीवर धूर ओढणारी विजेची चिमणी बसणार होती. जिवंत चिमणी घालवून विजेची चिमणी आणायची, हा त्यातला काव्यात्म भाग सोडून द्या. पण असा ओढणारा पंखा बंद खोलीतली हवा बाहेर फेकू लागला, की हवेची उणीव भरून काढण्यासाठी गिझरच्या नळीतून बाहेर जाणारा धूरसुद्धा उलटा आत येऊ शकतो. गॅसचा गिझर वाईट असे मी म्हणत नाही. उघड्या जागी, धूर थेट बाहेर सोडणारी नळी बसवून, हवेची वाट मोकळी ठेवून तो अनेकांच्या घरी बिनतक्रार चालतो. पण आमच्या घरात उघडे काही राहणारच नव्हते. गॅस बाद झाला. मिस्त्रीला मी धुराडे मात्र बुजवू दिले नाही. तो ‘बरं सर’ म्हणाला. वेड्याला म्हणतात तसे.

मग विजेचे पर्व सुरू झाले. माझ्या डोक्यात एक हिशेब पक्का होता : आंघोळीला एक बादली, चार माणसे, चार बादल्या. तो हिशेब मी रात्री जेवताना मोठ्या ऐटीत मांडला. सौ. ताटे उचलत होती. ती म्हणाली, ‘आंघोळीचं कुणी विचारलंय तुम्हाला? न्हाणीघरात आहे की तो जुना रॉड. मी भांड्यांसाठी म्हणत होते.’

‘भांड्यांसाठी? भांड्यांना कशाला गरम पाणी?’

ती काही बोलली नाही. तिने हात पुसले आणि माझ्यासमोर धरले. बोटांचे सांधे सुजलेले होते; उजव्या हाताचे मधले बोट पुरते वळत नव्हते. भांडी घासायला येणाऱ्या बाई लेकीकडे राहायला गेल्या त्याला दोन वर्षे होऊन गेली होती, आणि नवी बाई मिळेपर्यंत म्हणून सौ.ने हाती घेतलेले काम तसेच तिच्या हाती राहिले होते. डॉक्टरांनी तिला गार पाण्यात हात घालू नका म्हणून सांगितले होते. हेही मला त्या रात्रीच कळले.

‘मला बोलली नाहीस?’

‘बोलले होते. तुम्ही पेपर तपासत होतात.’

आई कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, ‘माह्यी बोटं पाह्य. अशीच झाली.’ मग जरा थांबून, ‘तवा कोणाले सांगाचं?’

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी कोणाला न सांगता सकाळी भांडी घासायला उभा राहिलो. तो काही पराक्रम नव्हे, आणि थंडीचेही दिवस नव्हते. पण तेलाची कढई गार पाण्याने निघत नाही, तूप बोटांना आणि भांड्याला सारखेच चिकटते, आणि चार माणसांच्या घरात एका वेळेची भांडी पाऊण तास घेतात, एवढे शिक्षण झाले. पाणी मोजले, वीस लिटरच्या आसपास गेले. आता हिशेबाला खरा पाया मिळाला होता. वीस लिटर पाणी 18 अंशांवरून 38 अंशांवर न्यायला विजेचे जवळजवळ अर्धे युनिट लागते. यंत्र कोणतेही घ्या, पाण्याला लागते तेवढी ऊर्जा लागतेच. तिथे कंपन्यांच्या जाहिरातींना काही करता येत नाही.

आता जागेचा प्रश्न. मोरीच्या वर भांड्यांची मांडणी येणार होती, ती हलवायला घरात कोणीच तयार नव्हते. आडवा गिझर पोटमाळ्यावर टाकता आला असता, पण तिथून नळापर्यंत येणाऱ्या नळीतले पाणी दर वेळी आधी गार येणार आणि ते वाया जाणार. (उभा गिझर आडवा करून बसवू नये, हेही सांगून ठेवतो; आतली नळ्यांची आणि तापमान राखणाऱ्या पट्टीची रचना वेगळी असते. आमचा वायरमन ‘चालते सर’ म्हणत होता. त्याच्या मते सगळेच चालते.) उरली ओट्याखालची जागा, मोरीच्या शेजारची.

तिथे दोन उमेदवार बसत होते. एक तीन लिटरचा, 3,000 वॉटचा, ज्याला इन्स्टंट म्हणतात तो. उंची सव्वा फुटाच्या आत. दुसरा सहा लिटरचा, 2,000 वॉटचा, थोडा जाडजूड. दुकानदार पहिल्याच्या बाजूने होता आणि मीही. ‘इन्स्टंट’ या शब्दाची मोहिनीच तशी आहे. पण हिशेब घातला तर असे दिसते, की 3,000 वॉट मिनिटाला दोन लिटरांच्या आसपासच पाणी वीस अंशांनी तापवू शकतात. मोरीचा नळ मोकळा सोडला तर त्याच्या तिप्पट पाणी सहज जाते. म्हणजे पोटात असलेले तीन लिटर कढत येणार आणि नंतर येणार ते कोमट, मग त्याहून कोमट. नळ बारीक ठेवला तर चालेल. पण आमच्या घरात नळ बारीक ठेवण्याची परंपरा नाही.

आणि मग आमची रिसोडची वीज. रब्बीच्या दिवसांत संध्याकाळी दिवे मंद होतात तेव्हा आमच्या घरातला काटा 230 ऐवजी 180 व्होल्ट दाखवतो. मला वाटे, दाब एक पंचमांशाने घटला तर उष्णताही तेवढीच घटेल. आमच्या महाविद्यालयातल्या भौतिकीच्या सहकाऱ्यांनी मला स्टाफरूममध्ये कागदावर समजावले, की ती दाबाच्या वर्गाने घटते. 3,000 वॉटचा गिझर 180 व्होल्टला 1,840 वॉटांच्या आसपास येतो. ‘तुमचा इन्स्टंट मग इन्स्टंट राहत नाही’, असे ते म्हणाले आणि माझा चहा पिऊन गेले.

सहा लिटरच्या टाकीला मात्र अशा दिवसांची फारशी फिकीर नसते. पूर्ण दाबाला सहा लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर यायला आठ-साडेआठ मिनिटे लागतात. 180 व्होल्टला चौदा लागतील. जेवायला बसताना बटण दाबले की ताटे उचलेपर्यंत पाणी तयार. आणि 60 अंशांच्या पाण्यात हात घालता येतच नाही. त्यात गार पाणी मिसळावे लागते. मिसळले की 38 अंशांचे तेरा लिटरांहून थोडे अधिक पाणी मिळते. वीसच्या जवळ येते. मधल्या वेळात टाकी पुन्हा तापत असतेच. शिवाय 2,000 वॉट म्हणजे नऊ अँपिअरच्या आत. जुन्या वायरिंगला धाप कमी लागते. तरीही वायर मी नवी जाड घालून घेतली, जमिनीत अर्थिंग नीट आहे का ते तपासून घेतले आणि गळती होताच वीज तोडणारे 30 मिलिअँपिअरचे उपकरण बसवले. ओट्याखाली पाणी आणि वीज शेजारी नांदणार. तिथे पैशाकडे पाहू नये. बटण आणि पिन ओट्याच्या वर, मोरीपासून हातभर दूर.

आमच्या विंधनविहिरीच्या पाण्यात क्षार फार. चहाच्या पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो, तोच गिझरच्या कांडीलाही धरणार. पाणी जितके जास्त तापवावे तितका तो लवकर धरतो. म्हणून काटा 60 वर न ठेवता पन्नास-पंचावन्नवर ठेवायचे ठरले. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडीही असते. ती स्वतः झिजत जाते म्हणून टाकीचा पत्रा गंजत नाही. दोन-तीन वर्षांनी ती काढून पाहावी लागते. बहुतेकांना ती असते हेच ठाऊक नसते. दुकानदाराने हे सांगितले तेव्हा मी घाईने सौ.च्या हातांचा विचार टाळला.

गिझर बसला त्या दिवशी आई खुर्ची ओढून ओट्यासमोर बसली. तिला मी यंत्र समजावून सांगत होतो : गार पाणी इकडून आत जाते, तळाशी जाते, वरचे गरम पाणी या नळीतून बाहेर ढकलते.

‘म्हणजे बंबच व्हय,’ ती म्हणाली.

मी थांबलो. बंबच होता. एका फडताळाआड, धुराशिवाय, कोळशाशिवाय. पण गार पाण्याने गरम पाणी ढकलण्याची रीत तीच. दोन महिने मी ज्याला विज्ञान समजत होतो, ते आईला चाळीस वर्षांपासून ठाऊक होते.

तिने नळाखाली हात धरला आणि चटकन मागे घेतला. ‘लय कढत हाये. इसण घाल.’

आमच्या मुलीने माझ्याकडे पाहिले. ‘इसण म्हणजे?’ विसण, कढत पाण्यात घालायचे गार पाणी. मी तिला व्युत्पत्ती सांगणार होतो, एवढ्यात सौ.ने नळाची मूठ डावीकडून उजवीकडे सरकवली आणि आईचा हात पुन्हा धारेखाली धरला. दोघींची बोटे शेजारी शेजारी होती.

बंब सध्या जिन्याखाली आहे. भंगारवाला दोनदा येऊन तांब्याचा भाव सांगून गेला. दुसऱ्या वेळी भाव वाढला होता. आईने त्याला पहिल्या वेळी पाणी विचारले, दुसऱ्या वेळी तेही विचारले नाही. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा नरकचतुर्दशी दोन दिवसांवर असेल, आणि त्या पहाटेचे पाणी कशात तापवायचे यावर आमच्याकडे अजून एकमत झालेले नाही. म्हणजे मला ते कळवण्यात आलेले नाही. मी जाळी घासून ठेवली आहे. गिझरच्या खालच्या जोडातून मिनिटाला एक थेंब गळतो आहे, त्याखाली वाटी लावली आहे. मिस्त्री उद्या येतो म्हणाला आहे.